अनसूया वन्संचा डबा

मानवतच्या कितीतरी जुन्या घरांत भिंतीवरची मेलेली माणसं एकसारख्याच डोळ्यांनी बघतात. सून म्हणून या गावात आले तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाला कुणाच्या घरी जावं, वर नजर जावी आणि वाटावं, या आजोबांना आपण कुठंतरी पाहिलंय. पुढच्या घरातली हार घातलेली म्हातारीही ओळखीची वाटायची. एक दिवस घरी चहा टाकत होते. समोर माझी नणंद बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. ते डोळे तिचे होते.

आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचे हे, म्हणजे दत्तराव (लिहिताना नाव घ्यायला हरकत नाही, बोलताना अजूनही जमत नाही), फोटो काढायचे आणि त्यांची धाकटी बहीण अनसूया ते फोटो दुरुस्त करायची. नणंद वयानं लहान असली तरी आमच्यात तिला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. इथंही मी तेच ठेवते, नाहीतर माझी मलाच चुटपुट लागेल.

त्या काळी जितेपणी फोटो काढून घेण्याचं कुणाला सुचायचं नाही. माणूस गेलं की मग फोटोवाल्याकडं माणूस धावायचं. मयताला खुर्चीत बसवायचं, पाठीला आधार द्यायचा, टोपी सारखी करायची आणि फोटो घ्यायचा. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो पूजेला कोण लावणार? म्हणून कागदावर आलेल्या फोटोवर बारीक ब्रशनं डोळे काढायचे. आमच्याकडं त्याला डोळे उघडणं म्हणत. हे काम वन्संचं. सासऱ्यांनी त्यांना ते लग्नाआधीच शिकवलं होतं. नमुना म्हणून समोर एक आरसा टेकवलेला असायचा. बाईमाणूस असो की बाप्या, डोळे आरशातले. भुवया तेवढ्या बदलायच्या.

दुसरं काम ठिपक्यांचं. फिल्मवर धूळ बसली की फोटोत पांढरा ठिपका येतो, तो रंगानं भरायचा. फिल्मला ओरखडा किंवा भोक पडलं की काळा ठिपका येतो, तो ब्लेडच्या टोकानं खरवडून काढायचा. वन्संचा हात या कामात इतका बसला होता की बोलता बोलता, शेंगा सोलता सोलता त्या ठिपके काढायच्या. चेहऱ्याकडं बघायच्याच नाहीत, फक्त ठिपक्यांकडं. मी चिडवायचे, "वन्सं, तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याच्या गालावरचा डाग खरवडाल." त्या हसायच्या आणि ब्लेड पुसायच्या.

स्टुडिओतली तिसरी गोष्ट सांगितली की माझी सुरुवातीची मांडामांड झाली. आमच्या डार्करूमच्या रस्त्याकडच्या लाकडी दाराला एक बारीक भोक होतं. एरवी ते मेणाच्या गोळीनं बंद असे. काम नसताना मेण काढलं की त्यातून रस्त्यावरचा उजेड आत यायचा आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रस्ता उलटा उमटायचा. डोकं खाली, पाय वर अशी माणसं चालायची, सायकली जायच्या, गाई जायच्या. आवाज मात्र बाहेरून यायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घेरी आली होती. वन्सं तर त्या भिंतीसमोर लहानाच्या मोठ्या झालेल्या.

१९७८ च्या वैशाखात वन्संचं लग्न झालं. मुलगा बोरीचा, जिंतूर तालुक्यातला. नाव सिताराम. त्याच्या आईची, चतुराबाईंची, आधीची तीन लेकरं गेल्यावर नवसानं झालेला हा एकुलता एक. त्याचा फोटो काढायचा नाही अशी चतुराबाईंची सक्त ताकीद होती. फोटोनं आयुष्य घटतं असं त्यांच्या मनानं घेतलेलं. तरी आमच्या ह्यांनी लग्नात गुपचूप अख्खा रोल काढला. घरी येऊन धुतला तर कोरा. फिल्म आतल्या रिळाला पकडलीच नव्हती. गावभराची लग्नं टिपणाऱ्या माणसाच्या बहिणीच्या लग्नाचा एक फोटो नाही. त्यावरून मी ह्यांना लय बोलले, आणि पुढं त्या बोलण्याची मला लाज वाटावी असे दिवस आले.

आषाढात वन्सं माहेरी आल्या, रीतीप्रमाणे. मी विचारलं, "जावई कसे दिसतात हो? मांडवात तर मुंडावळ्यांत काही कळलं नाही." वन्सं म्हणाल्या, "मला तरी कुठं कळलंय?" मला वाटलं थट्टा. पण ती थट्टा नव्हती. घरात दहा माणसं, दिवसा डोक्यावरून नाकापर्यंत पदर, नवऱ्याकडं मान वर करून बघितलं तर सासू खाकरायची, रात्री कंदील विझवल्याशिवाय खोलीत यायचं नाही. दोन महिन्यांत त्यांना नवऱ्याचा आवाज ओळखीचा झाला होता, पावलं झाली होती, टाळ धरून हाताला पडलेले घट्टे झाले होते. तोंड उजेडात धड पाहिलं नव्हतं. "नागपंचमीला न्यायला येणार हायेत," त्या म्हणाल्या, "तवा तुमी बघा अन् मला सांगा."

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळत होती, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, एसटी बंद. वरून पाऊस. दुधना दुथडी भरून वाहत होती, आणि बोरीहून मानवतला यायचं तर दुधना ओलांडावी लागते. नागपंचमी आली आणि गेली. सिताराम आला नाही. आम्ही समजलो, गाड्या नाहीत तर कसा येणार. थोडे दिवस गेल्यावर मात्र वन्संच्या मनानं घेतलं की आपण त्यांना पसंत नाही. दारात उभं राहून नवऱ्याची वाट बघणं बरं दिसत नाही म्हणून त्या डार्करूममध्ये जायच्या, मेण काढायच्या आणि भिंतीवर उलटा रस्ता बघत बसायच्या.

त्याच दिवसांत पोलीस ठाण्यातला एक जमादार रोल घेऊन आला. दुधनेच्या काठाला एक बेवारस प्रेत लागलं होतं, बरेच दिवस पाण्यात राहिलेलं. अंगावर कपडा उरला नव्हता, तोंड सुजून भोपळा झालेलं. ओळख पटायची तर फोटो माणसासारखा दिसला पाहिजे, डोळे उघडून द्या, असं तो म्हणाला. ह्यांनी रोल धुतला, त्यातल्या एकाच चित्राचे तीन फोटो छापले आणि बहिणीकडं दिले. मी त्या फोटोंकडं एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. वन्संनी समोर आरसा टेकवला, ब्लेड घेतलं, ब्रश घेतला आणि काम संपवलं.

दुपारी फोटो वाळत घातले होते. पावसानं उघडीप दिली होती, ऊन पडलं होतं. मी पुढच्या खोलीत झाडत होते. डार्करूममधून वन्संनी हाक मारली, "वहिनी, दारात कोण हाय बगा बरं. कवाचं उभं हाय."

मी ओट्यावर गेले. रस्ता सुनसान होता. समोरची दुकानं बंद. "कुणी न्हाई हो," मी तिथूनच ओरडले.

आतून वन्संचा आवाज आला, अगदी साधा, भाजीवाल्याबद्दल बोलावं तसा. "असं कसं? तुमी त्येच्या बाजूलाच उभ्या हायेत की."

मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. उन्हात माझी एकटीची सावली होती. मग मी आत गेले आणि त्या मेणाच्या गोळीनं भोक बंद केलं. मी भुताखेतांना मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. डोळे थकले की भिंतीवर काहीही दिसतं असं मी त्यांना सांगितलं. रात्री माझ्या अंगात ताप होता.

पुढं गाड्या सुरू झाल्या आणि बोरीहून सांगावा आला: सिताराम आणि सून अजून परतले कसे नाहीत? बोरीची माणसं समजत होती पोरगा सासुरवाडीला रमला, आम्ही समजत होतो तो रुसून घरी बसला. तो तर गाड्या बंद म्हणून पायीच निघाला होता. मग शोध सुरू झाला. चतुराबाई स्वतः गावोगाव फिरल्या. ते दुधनेकाठचं प्रेत एव्हाना पुरलेलं होतं. फोटो पोलिसांच्या फळ्यावर लावलेला होता. चतुराबाईंनी तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो माझा न्हाई." आईनं सांगितल्यावर दुसरं कोण काय बोलणार? त्यानंतर त्यांचा हेका एकच राहिला. "त्यो जिता हाय. मला ठावं हाय."

बारा वर्षं वन्सं आमच्याकडं राहिल्या. कुंकू लावायच्या, बांगड्या भरायच्या, पण हळदीकुंकवाचं बोलावणं देताना बाया माझ्याकडं बघायच्या आणि अडखळायच्या. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर नवरा मेला नाही. एका घरी तर ओटी भरताना एकीनं त्यांच्यापुढून ताट उचललं आणि पुढच्या बाईपुढं ठेवलं. मी तिथं अशी काही बोलले की त्या घराशी आमचं अजून धड नाही. वन्सं मात्र घरी येऊन मयताचे डोळे काढत बसल्या. त्यांच्या मनात एकच ठसठस होती. माणूस मेला असता तर मेला म्हटलं असतं, पण तो जिता होता आणि न्यायला आला नाही.

१९९० च्या उन्हाळ्यात बोरीहून माणिकराव आले. सितारामचा चुलतभाऊ, भावकीतला कारभारी माणूस. बारा वर्षं भरत आली, आता पालाशविधी करून टाकू, असं त्यांचं म्हणणं. ज्याचा देह सापडला नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग बायको विधवा आणि सगळे मोकळे. माणिकराव म्हणाले, "काकू ऐकायल्या न्हाईत. त्या म्हणायल्यात, एकडाव त्याचं तोंड दाखवा, मंग काय करायचं ते करा."

आणि त्यांनी पिशवीतून एक मोठा फ्रेम केलेला फोटो काढला. बोरीच्या भजनी मंडळाचा, मारुतीच्या देवळात टांगलेला. काढला कुण्या फिरत्या फोटोवाल्यानं, त्याचा पत्ता नाही, फिल्म नाही. मागच्या रांगेत कडेला टाळ घेतलेला एक तरुण, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. सितारामचा जगातला एकमेव फोटो. चतुराबाईंची नजर अधू झाली होती, त्यांना त्यात माणसांची नुसती रांग दिसायची.

ह्यांनी कॅमेरा लावून बघितला. पण आमच्या कॅमेऱ्याला तीन फुटांच्या आतलं दिसत नसे. लांबून काढायचं आणि मग वाढवायचं, तर चेहऱ्याचा नुसता रवा व्हायचा. परभणीला दाखवू, औरंगाबादला पाठवू, असं ह्यांचं चाललं होतं. वन्सं गप्प बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भोकाला लांबचं-जवळचं काय?"

त्यांचं म्हणणं मला समजायला दोन दिवस लागले. कॅमेऱ्याच्या काचेला एका ठरावीक अंतरावरचंच नीट दिसतं. भोकाला तसं काही नसतं. डार्करूमच्या दाराशी आलेला माणूस भिंतीवर मोठा होतो, रस्त्यापलीकडचा लहान होतो, पण दोघं दिसतात सारखेच. मग वस्तू भोकाच्या अगदी नाकाशी आणून ठेवली तर ती भिंतीवर राक्षसाएवढी दिसायला हवी. फक्त उजेड फार लागेल आणि वेळ फार लागेल.

त्यांनी किराणा दुकानातून बिस्किटांचा उभा पत्र्याचा डबा आणला. आतून काजळी आणि डिंक कालवून फासली, दोन दोन हात. झाकणाच्या कडेला काळं मखमलीचं कापड चिकटवलं, उजेड शिरू नये म्हणून. डब्याच्या बुडाला नाण्याएवढी खिडकी कापली आणि तिच्यावर तंबाखूच्या डबीचा पातळ पत्रा बसवायचं ठरवलं. खरं काम त्या पत्र्याचं. मोती ओवायची सगळ्यात बारीक सुई घेऊन त्यावर नुसता खड्डा पाडायचा, मागून आलेला उंचवटा पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा सुई टेकवायची, पुन्हा घासायचं. दिव्यासमोर धरून भिंगातून बघायचं, भोक गोल आहे की कातरलेलं. कितीतरी पत्रे वाया गेले. एकदा मी म्हटलं, "वन्सं, ज्या फोटोनं तुमचं कुंकू पुसलं जाणार त्याच्यासाठी इतका जीव कामून काढायल्यात?"

"मला बी बघायचंय ना तोंड," त्या म्हणाल्या.

फोटो भोकापासून बोटभर अंतरावर उभा करायचा. इतक्या जवळ डब्याचीच सावली पडते, म्हणून दोन्ही बाजूंना आरसे ठेवून त्यांतून ऊन त्या चेहऱ्यावर पाडायचं. डब्याच्या आत, झाकणाला, फोटो छापायचा कागद लावलेला. अंगणात रखरखीत उन्हात वन्सं बसायच्या आणि सूर्य सरकेल तसे आरसे सरकवायच्या. मांजर अंगणातून गेलं तरी आम्ही श्वास धरायचो. पहिले कागद नुसते पांढरे राहिले. मग एक सगळा काळा झाला. कुठूनतरी उजेड शिरला होता. मग एक धुरकट ढग आला. नंतर वन्संनी आरशांची जागा बदलली आणि तास उलटून गेला तरी उठल्या नाहीत.

तो कागद धुताना मी डार्करूममध्ये होते. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये, आधी दोन ओठ आले. मग केस, पण पांढरे. उलटा कागद, त्यात काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. पाण्यातून वर येणारं काळंठिक्कर तोंड, कागदभर, आणि ते हलत्या पाण्याबरोबर हलत होतं. मी ट्रेची कड घट्ट धरून उभी राहिले. बुडालेल्या माणसाकडं वरून बघतोय असं मला वाटलं आणि का वाटलं ते मलाच समजेना.

दुसऱ्या दिवशी त्यावरून सरळ फोटो छापला. माणसाचं तोंड, तळहाताहून मोठं, मऊ, सकाळच्या धुक्यातनं आल्यासारखं. भजनात रंगलेला तरुण, ओठ किंचित उघडे, डोळे मिटलेले. गाताना मिटले होते. वन्सं खूप वेळ बघत राहिल्या. "बरे हायेत की दिसायला," त्या म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

चतुराबाईंना घेऊन माणिकराव आले. म्हातारी वाळून काटकी झाली होती. ओट्यावर उजेडाला बसवलं, पाणी दिलं. वन्संनी फोटो पाटावर ठेवला होता आणि शेवटचा हात फिरवत होत्या. डोळे उघडायचे की नाही याचं अजून त्यांनी ठरवलं नव्हतं, म्हणून आधी ठिपके. एक-दोन पांढरे भरले. नाकपुडीच्या वर मोहरीएवढा काळा ठिपका होता. भुताटकी वगैरे काही नाही, साधा ठिपका. त्यांनी ब्लेडचं टोक त्यावर आणलं.

चतुराबाईंचं सुरकुतलेलं बोट मध्ये आलं आणि ब्लेडखाली त्या ठिपक्यावर बसलं.

"ह्येला हात नगं लावू," त्या म्हणाल्या. "ह्ये नाकाचं भोक हाय. नवसाचा म्हणून माझ्या हातानं टोचलं व्हतं. आत बाळी घातली व्हती. खेळता खेळता पोरानं वढली अन् फाटलं, तवापून खळगा ऱ्हायला. माझाच सिताराम हाय ह्यो."

वन्संचा हात तसाच हवेत राहिला. म्हातारी बोलत होती, फोटोवरून बोट फिरवत, आपल्याच नादात. "त्या फळ्यावरच्या मयताला बी मी नाकच बगितलं. लय येळ बगितलं. भोक न्हवतं. म्हून तर म्हणायलेय ना, माझा जिता हाय."

मी वन्संकडं बघत होते. त्यांनी ब्लेड हळूच पाटावर ठेवलं आणि आपला उजवा हात डाव्या हातानं धरला, दुसऱ्या कुणाचा हात धरावा तसा. मला तोवर काही उमगलं नव्हतं. मग त्या माझ्याकडं बघून इतकंच म्हणाल्या, "पोलिसांच्या तिन्ही फोटूत ठिपका व्हता, वहिनी. एकाच जागी. मी म्हटलं, फिल्मला भोक पडलं असंल."

त्यावर मला कळलं. मी उंबऱ्यातच बसले.

आमच्या स्टुडिओत जुनी फिल्म कधी फेकत नसत. ती पोलिसांची फिल्म वन्संनी शोधून काढली. माझं मन म्हणत होतं, नको बघायला, पाण्यात टाका ती. पण त्यांनी ऐकलं नाही. सकाळचं ऊन अंगणात आल्यावर त्यांनी डबा मांडला. या वेळी फोटोच्या जागी ती फिल्म, मागं तेलकट पातळ कागद, त्याच्यामागं आरसा. नाकाची तेवढी जागा भोकासमोर. मी आरसा धरून बसले. चतुराबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.

कागदावर आलं ते काय आहे हे परक्याला कळलं नसतं. एक सुजलेली टेकडी, तिच्यावर बारीक छिद्रं, आणि मधोमध एक खळगा, कडेनं फाटलेला. वन्संनी तो भजनातल्या फोटोशेजारी ठेवला. भोक तेच होतं. बारा वर्षांपूर्वी, शेंगा सोलता सोलता म्हणा किंवा माझ्याशी बोलता बोलता, त्यांनी ते तीनदा खरवडून काढलं होतं. माझ्याशीच बोलत असणार. त्या दिवसांत आम्ही दुसरं काय करत होतो?

मी म्हटलं, "म्हातारीला सांगू नका. विधी होऊ द्या. झालं गेलं गंगेला मिळालं." मला आजही वाटतं की ते चुकीचं नव्हतं. पण वन्सं दोन्ही कागद घेऊन आत गेल्या आणि सासूच्या पायाशी बसल्या. सगळं सांगितलं. ब्लेडचं, ब्रशचं, आरशाचं. आवाज न चढवता, न रडता सांगितलं.

चतुराबाईंनी दोन्ही फोटो उजेडाकडं धरले. त्या शिव्या देतील, छाती पिटतील म्हणून मी दारात तयारीनं उभी होते. त्यांनी विचारलं, "मंग त्या फळ्यावर माझ्याकडं कोण बगत व्हतं?"

म्हातारीनं त्यांची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. पदर मागं सरकला होता. या सासूनं या सुनेचं तोंड असं कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"तूच व्हतीस," चतुराबाई म्हणाल्या. "माझ्या मनात आलं व्हतं तवाच. परका मेलेला हाय, अन् घरच्यावानी कामून बगायलाय."

मग मात्र दोघी रडल्या. मी आणि माणिकराव बाहेर ओट्यावर बसून राहिलो. माणिकरावांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली होती.

पालाशविधी झाला. पळसाच्या माणसाला अग्नी दिला तेव्हा वन्संनी आधीच घरी कपाळ धुतलं होतं आणि बांगड्या काढून ठेवल्या होत्या, म्हणून बायांना काही करायला उरलं नाही. एकीदोघींची त्यात निराशा झाली असावी. फोटो बोरीच्या घरात लागला. त्याचे डोळे वन्संनी उघडले नाहीत आणि ठिपक्याला हात लावला नाही. भिंतीवर मिटल्या डोळ्यांचा फोटो म्हणून लोकांनी नाकं मुरडली. चतुराबाईंनी कुणालाही दाद दिली नाही. म्हणाल्या, "गायलाय त्यो. गाऊ द्या."

त्यानंतर वन्संनी मयताचे डोळे काढणं सोडलं. एवीतेवी रंगीत फोटो आले होते, त्या कामाचे दिवस भरलेच होते. डबा त्यांनी ठेवून दिला. एका दुपारी मी डार्करूमचं दार ढकललं तर त्या अंधारात बसलेल्या, दाराच्या भोकातलं मेण काढलेलं. भिंतीवर उलटा रस्ता चालला होता.

"काय बघायल्यात वन्सं?"

"त्या दिवशी तुमी त्येंच्या बाजूला उभ्या व्हत्या, वहिनी," त्या म्हणाल्या. "मी हाक मारायला पायजे व्हती. पर हाक मारायची म्हंजी नाव घ्यावं लागलं असतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "बारा वर्सं मी म्हणत ऱ्हायले, न्यायला आलेच न्हाईत. आल्ते की. मी डोळे काढायले तवा माझ्यासमोरच व्हते."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांना धरून बसावंसं वाटलं आणि बसले. वन्सं पुढं फार वर्षं जगल्या नाहीत. त्यांचा फोटो आमच्या घरात आहे, त्यांच्या स्वतःच्या उघड्या डोळ्यांचा. त्यावर कुणाला ब्रश लावावा लागला नाही.

स्टुडिओ आम्ही नंतर विकला. घेणाऱ्यानं दार बदलायचं ठरवलं होतं. माल उचलायच्या दिवशी ह्यांना बाहेर काहीतरी काम सांगून मी डार्करूमचं दार आतून लावलं, मेण काढलं आणि त्या भिंतीसमोर बसले. मी भुताखेतांना मानत नाही, हे मी आधीच सांगितलंय. भिंतीवर सायकली गेल्या, बाया गेल्या, एक रिक्षा गेली, सगळं डोकं खाली आणि पाय वर. बराच वेळ बसले. थांबलेलं कुणी नव्हतं, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.